एसईलिनक्स: सीएचकॉननं लेबल बदललं, एलएस -झेड मध्ये दिसतंयही, तरी फाइल सगळ्यांना उघडते. कुठं अडलंय?

फौंड्रीतला_सर्व्हर (गोकुळ शिरगाव)

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फौंड्रीत आयटी बघतो. आयटी विभाग म्हणजे मी एकटाच. प्रिंटरचं टोनर, ईआरपी, गेटवरचं पंचिंग मशीन, सगळं माझ्याकडंच. फोनवरनं लिहितोय, कीबोर्ड सारखा बदलत बसायचा कंटाळा आला म्हणून कमांडही देवनागरीतच टाकल्यात. समजून घ्या.

आमच्याकडं दोन मोठे ग्राहक. एक पंपवाले, एक ट्रॅक्टरवाले. दोघांची ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल आणि आमच्या मेथडिंगच्या शीट (गेटिंग, रायझर, कोअर प्रिंट वगैरे) एकाच लिनक्स सर्व्हरवर असतात. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यानंतर मशीन आल्मालिनक्स ९ वर आणलं. फोल्डर असे आहेत: /एसआरव्ही/ड्रॉइंग/पंप, /एसआरव्ही/ड्रॉइंग/ट्रॅक्टर आणि एक सामाईक, ज्यात ग्रेडची स्टँडर्ड आणि तपासणीचे कोरे फॉर्म असतात. विंडोजच्या पीसीवरनं सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) शेअरनं उघडतात. मेथड विभागातले काही इंजिनिअर एसएसएचनं आत येऊन सॉलिडिफिकेशनचं सिम्युलेशनही चालवतात.

ट्रॅक्टरवाल्यांच्या ऑडिटमध्ये विचारणा झाली की आमचं ड्रॉइंग दुसऱ्या ग्राहकाच्या टीमला दिसणार नाही याची सोय काय. एसईलिनक्स (फाइल आणि प्रोसेसवरची लेबलं बघून कुणी कशाला हात लावायचा ते ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा) चालूच होतं, एन्फोर्सिंगमध्ये, म्हणजे खरोखर अडवणाऱ्या मोडमध्ये. म्हटलं लेबल लावूया.

केलं ते असं (सीएचकॉन ही लेबल बदलायची कमांड; एस० ही गोपनीयतेची पायरी, सी१० ही श्रेणी, दोन्ही मिळून लेव्हल):

सीएचकॉन -आर -एल एस०:सी१० /एसआरव्ही/ड्रॉइंग/पंप
सीएचकॉन -आर -एल एस०:सी२० /एसआरव्ही/ड्रॉइंग/ट्रॅक्टर

सामाईक फोल्डर दोघांना लागतो म्हणून त्यावर एस०:सी१०,सी२० असं दोन्ही लावलं. एलएस -झेड (फाइलची लेबलं दाखवणारी कमांड) केलं की लेबल व्यवस्थित दिसतं. पण पंपच्या टीममधला माणूस ट्रॅक्टरची फाइल आरामात उघडतो. सांबातनंही आणि एसएसएचनंही. ऑडिट लॉगमध्ये एकही नकार नाही.

अजून तीन गोष्टी. ट्रॅक्टरचं जास्त गोपनीय म्हणून एस१ द्यायला गेलो तर 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून परत येतं. दुसरं, सीएचकॉन कायमचं नसतं असं वाचलं म्हणून सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टनं (लेबलचे कायमचे नियम ठेवणारी कमांड) लेव्हलसकट नियम घातला आणि नव्या फोल्डरवर रिस्टोअरकॉन -आरव्ही (नियमाप्रमाणं लेबल लावणारी) चालवलं, तर टाइप (लेबलमधला _टी नं संपणारा भाग) बदलला, सी२० मात्र आलंच नाही. आणि तिसरं, २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हापासून मालक बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क दर शनिवारी घरी नेतात. त्या डिस्कवरनं फाइल परत आणली की लेबल गायब.

कुणी हे प्रत्यक्षात केलंय का?

---

नाद_लिनक्सचा

भावा, सेटएन्फोर्स ० मारून एसईलिनक्सचं अडवणंच बंद कर आणि सुखानं जग. मी सगळीकडं तेच करतो. फौंड्रीला काय एवढी मिलिटरीवाणी सुरक्षा लागते होय?

---

ईडीपीवाला (राजारामपुरी)

वरच्याचं अजिबात ऐकू नकोस. सेटएन्फोर्स ० केल्यावर ऑडिटरसमोर गेटएन्फोर्स टाइप करायची वेळ आली तर काय दाखवणार? आणि मिलिटरीवाणी म्हणशील तर ही चीज तिकडचीच आहे. अमेरिकेच्या एनएसएनं २००० च्या डिसेंबरात बाहेर काढली, २.६ कर्नलबरोबर २००३ मध्ये मूळ लिनक्समध्ये आली. आता तुझ्या फौंड्रीत फुकट बसलीय, तर वापर की.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपीत (कॉम्प्युटर विभागात) होतो, आता रिटायर. ऊस बिलाच्या सर्व्हरवर हाच प्रकार करून बघितलाय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

तुझी कमांड बरोबर आहे. लेबलही बरोबर लागलंय. पण फाइलवर लेबल लागलं म्हणून कुणी अडत नसतं. अडवायचं असेल तर फाइल उघडणाऱ्या प्रोसेसवरही लेबल लागतं, आणि त्या जातीच्या प्रोसेसला श्रेणी तपासायची असा पॉलिसीत नियम लागतो. तुझ्याकडं तो दुसरा अर्धा भागच नाही. आता बघ कसं ते.

एसएसएचनं आलेल्या इंजिनिअरला आयडी -झेड टाइप करायला सांग. शेवटी एस०-एस०:सी०.सी१०२३ असं दिसेल. मधल्या टिंबाचा अर्थ 'पासून पर्यंत'. म्हणजे त्याच्याकडं सी० पासून सी१०२३ पर्यंत सगळ्या १०२४ श्रेणी आहेत. तुझं सी१० काय आणि सी२० काय, त्याला सगळं खुलं. त्याच्या आधी अनकन्फाइन्ड_टी असं लिहिलेलं दिसेल. नावातच आलं की, या माणसाला बांधलेलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टार्गेटेड पॉलिसीत (एसईलिनक्सचा नेहमीचा नियमसंच, तुझ्याकडं तोच आहे) श्रेणींची तपासणी, म्हणजे एमसीएस, सगळ्यांना लागूच नाही. एमसीएस_कन्स्ट्रेन्ड_टाइप नावाचा एक गट आहे, त्यात जे टाइप आहेत त्यांनाच ती लागू. कंटेनर, व्हर्च्युअल मशीन, सँडबॉक्स असली मंडळी त्यात येतात. सेटूल्स-कन्सोल हे पॅकेज टाक आणि सीइन्फो -ए एमसीएस_कन्स्ट्रेन्ड_टाइप -एक्स मार, यादी समोर येईल. त्यात अनकन्फाइन्ड_टी नाही, सांबाचा एसएमबीडी_टी पण नाही. मग ऑडिट लॉगमध्ये नकार येणार कुठनं?

सांबाचं तर आणखी वेगळं आहे. विंडोजवरनं पंपचा माणूस येऊ दे नाहीतर ट्रॅक्टरचा, सर्व्हरवर फाइल उघडणारी प्रोसेस एसएमबीडी_टी हीच. सांबा युजर आयडी बदलतं, एसईलिनक्सचं लेबल बदलत नाही. म्हणजे उद्या तू एसएमबीडी_टीला त्या गटात घातलंस तरी दोन माणसांत फरक पडायचा नाही. एकतर दोघांना दिसेल नाहीतर दोघांनाही नाही.

म्हणून सरळ सांगतो. माणसामाणसांत फरक करायचं काम आधी साध्या परवानग्यांना दे. पंप आणि ट्रॅक्टर असे दोन ग्रुप, फोल्डरवर २७७० (मालक आणि ग्रुप सोडून बाकी सगळ्यांना बंद), सांबाच्या कॉन्फिगमध्ये व्हॅलिड यूजर्स, आणि कुठं अपवाद असेल तर सेटफॅकलनं एकेकाला वेगळी परवानगी. ऑडिटरच्या प्रश्नाचं ऐंशी टक्के उत्तर तिथंच होतं. पण एवढ्यावर सोडू नकोस, कारण या परवानग्या पाळणारं सांबाच उद्या फुटलं तर? मे २०१७ मधली सांबातली ती त्रुटी, सीव्हीई-२०१७-७४९४, आठवतेय का? लिहिता येणाऱ्या शेअरवर लायब्ररी टाकायची आणि सांबाकडनंच ती चालवून घ्यायची. असल्या वेळेला आत शिरलेल्याला एका ग्राहकाच्या फोल्डरपुरतं कोंडून ठेवायचं काम लेबल करतं. त्याची खरी जागा ती.

आणि ते करायचा सोपा रस्ता म्हणजे प्रत्येक ग्राहकाचा सांबा वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्या सर्व्हरपासून तोडलेल्या डब्यात; पॉडमन हा असे डबे चालवणारा प्रोग्राम. कंटेनर_टी हा त्या गटात आधीपासनं आहे, म्हणजे पॉलिसी लिहीत बसायला नको. पॉडमन प्रत्येक कंटेनरला आपणहून दोन श्रेणींची जोडी देतं. तुला ठरावीक जोडी पाहिजे असेल तर रन करताना

--सिक्युरिटी-ऑप्ट लेबल=लेव्हल:एस०:सी१०,सी११

असं दे. ट्रॅक्टरला सी२०,सी२१. फोल्डर जोडताना -व्ही च्या शेवटी :झेड, कॅपिटल. मग पॉडमन स्वतःच फोल्डरला कंटेनर_फाइल_टी आणि तीच जोडी लावून देतं. मोठा फोल्डर असला की पहिल्यांदा वेळ खातं, चहा पिऊन ये. पोर्ट ४४५ लागणार म्हणजे रूटनं चालवायला लागेल, आणि दोन कंटेनरला दोन आयपी दे, एकाच नेटवर्क कार्डावर चालतात. होस्टवरचा जुना सांबा बंद कर, नाहीतर पोर्टवरनं भांडण. कंटेनरच्या आत युजर करताना यूआयडी बाहेरच्याशी जुळवून घे, नाहीतर फाइलचे मालक भलतेच दिसतील.

सामाईक फोल्डर. इथं तुझा हिशेब उलटा झालाय. फाइलवर सी१०,सी२० लावलं म्हणजे 'सी१० वाला किंवा सी२० वाला' असं होत नाही. दोन्ही ज्याच्याकडं आहेत त्यालाच ती दिसते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसं. जेवढ्या श्रेणी वाढवशील तेवढे वाचणारे कमी. सामाईक फोल्डरवर एकही श्रेणी ठेवू नकोस, नुसतं एस०. पॉडमनमध्ये त्यासाठी बारकं :झेड आहे. वर आरओ पण लाव, कोरे फॉर्म कुणी भरून तिथंच सेव्ह करायला नकोत. आमच्याकडं तोडणी वाहतुकीच्या कोऱ्या करारात एका गड्याचं नाव भरून सेव्ह झालं होतं आणि पुढं त्या हंगामात सगळ्यांचे करार त्याच्याच नावानं छापून येत होते.

एस१ का घेत नाही, तर टार्गेटेड पॉलिसीत एस० ही एकच पायरी आहे. एस० ते एस१५ अशा सोळा पायऱ्या एमएलएस पॉलिसीत असतात. तिथं 'गुप्त', 'अतिगुप्त' असं खालीवर करता येतं. फौंड्रीसाठी एमएलएस लावायच्या भानगडीत पडू नकोस. एक दिवस तुलाच लॉगिन करता यायचं नाही. तुला वर-खाली नकोच आहे, अलीकडं-पलीकडं पाहिजे, आणि त्याला श्रेणी पुरतात.

रिस्टोअरकॉनचं सांगतो, यात भलेभले अडकतात. नुसतं रिस्टोअरकॉन फक्त टाइप बघतं. युजर, रोल, लेव्हल याला ते हात लावत नाही. लेव्हल नियमाप्रमाणं करून पाहिजे असेल तर कॅपिटल एफ द्यायला लागतो: रिस्टोअरकॉन -आरएफव्ही. याची दुसरी बाजूही ध्यानात घे. सीएचकॉननं हातानं लावलेली श्रेणी साध्या रिस्टोअरकॉनमध्ये टिकते, म्हणून माणसाला वाटतं काम पक्कं झालं. मग कुणीतरी फिक्सफाइल्स -एफ ऑनबूट (पुढच्या बूटला सगळ्या डिस्कची लेबलं नियमाप्रमाणं लावणारी कमांड) चालवून मशीन रीबूट करतं आणि सगळं साफ. म्हणून जे कायमचं पाहिजे ते सेमॅनेजमध्ये, आणि सेमॅनेज एक्सपोर्ट -एफ नं त्या नियमांची फाइल बॅकअपमध्ये.

चालू लेबलवर एखादी श्रेणी वाढवायची किंवा काढायची असेल तर सीएचकॉनपेक्षा सीएचकॅट बरं. सीएचकॅट -- +सी१० फाइल, काढताना सीएचकॅट -- -सी१० फाइल. मधले दोन डॅश विसरू नकोस, नाहीतर वजा सी१० हा ऑप्शन समजून ते तुझ्यावरच ओरडतं. सगळ्या श्रेणी पुसायला सीएचकॅट -डी.

मालकांची डिस्क एक्सफॅट नाहीतर एनटीएफएस असणार, विकत घेतली तशीच. लेबल राहतं फाइलच्या एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये, सिक्युरिटी.एसईलिनक्स या नावानं. एक्सफॅटवर ते ठेवायला जागाच नाही. एकतर डिस्क एक्सएफएस कर आणि आरसिंक -एएक्स वापर, एक्स कॅपिटल. किंवा डिस्क तशीच ठेव आणि टारला --एसईलिनक्स --एक्सॲट्रस देऊन एकच मोठी फाइल बनवून त्यावर टाक. मालकांनी ती डिस्क घरच्या लॅपटॉपला लावून लग्नाचे फोटो ठेवले असतील तर दुसराच रस्ता बरा. काहीच नाही जमलं तरी नियम सेमॅनेजमध्ये असले की फाइल परत आणल्यावर रिस्टोअरकॉन -आरएफव्ही मारलं की झालं.

---

शाहूपुरी_ते_हिंजवडी

ईडीपीवाले काका, मस्त लिहिलंय. मी माहेरची शाहूपुरीची, सध्या पुण्यात कंप्लायन्सचं काम करते. एक वेगळी शंका काढते.

ऑडिटरनं 'लेबल' म्हणताना नक्की काय म्हटलं होतं ते एकदा कागदावर बघाल का? मोठ्या कंपन्यांच्या सप्लायर करारात 'सेन्सिटिव्हिटी लेबल' असं येतं, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना मायक्रोसॉफ्ट पर्व्ह्यूची लेबलं म्हणायची असतात. ती फाइलच्या आत मेटाडेटात बसतात आणि फाइल मेलनं गेली तरी सोबत जातात. एसईलिनक्सचं लेबल तुमच्या सर्व्हरच्या उंबऱ्याबाहेर पडलं की संपलं. पीडीएफ विंडोजच्या पीसीवर उतरवली की त्यावर सी२० वगैरे काही राहत नाही.

तिकडंही कमांड लाइन आहेच. पॉवरशेलमध्ये पर्व्ह्यू इन्फर्मेशन प्रोटेक्शनचं मोड्यूल टाकायचं, मग गेट-फाइलस्टेटस देऊन आत्ता काय लागलंय ते बघायचं आणि सेट-फाइललेबल ला पाथ आणि लेबलचा आयडी द्यायचा. नाव नाही, तो लांबलचक जीयूआयडीच द्यावा लागतो. जुन्या लेखांत हेच सेट-एआयपीफाइललेबल म्हणून सापडेल. लेबल खाली उतरवताना पॉलिसीत कारण मागितलं असेल तर जस्टिफिकेशनमेसेज पण द्यावा लागतो. ऑफिसच्या फाइल आणि पीडीएफ यांना सरळ लागतं. ज्या प्रकारांना आतून आधार नाही त्यांना एन्क्रिप्शनसकट गुंडाळलं तर पुढं .पीफाइल जोडलं जातं, आणि मग कॅडमध्ये ती थेट उघडत नाही. तुमच्या मेथडवाल्यांना आधी विचारा, नाहीतर सकाळी पहिला फोन तुम्हालाच.

विंडोजमध्ये आयकॅकल्स /सेटइंटिग्रिटीलेव्हल असंही एक लेबल बदलतं, लो, मीडियम, हाय. ते व्हिस्टापासून आहे. पण त्याचा इथं उपयोग नाही. खालच्या पातळीवरच्या प्रोसेसनं वरच्या फाइलवर लिहू नये, एवढंच ते मुळात बघतं. वाचायला अडवत नाही.

---

फौंड्रीतला_सर्व्हर

काका, ताई, दोघांचेही लई उपकार.

ताई, कागद काढून बघितला. त्यात 'ॲक्सेस सेग्रिगेशन' एवढंच आहे, लेबल हा शब्द माझ्याच डोक्यातला. त्यामुळं पर्व्ह्यू सध्या बाजूला. शिवाय लायसन्सचा आकडा मालकांना सांगायला गेलो तर नवीन शॉट ब्लास्टिंग मशीनचा विषय निघेल आणि माझं राहूनच जाईल.

काका, रविवारी मेल्टिंग बंद असतं तेव्हा दोन्ही कंटेनर उभे केले. ग्रुप आणि २७७० आधी केलं. मग खात्री करायला एक प्रयोग केला. पंपच्या लेव्हलचा एक चाचणी कंटेनर चालवला आणि त्यात ट्रॅक्टरचा फोल्डर मुद्दाम :झेड न देता जोडला. आत रूट असूनही कॅट केल्यावर 'पर्मिशन डिनाइड'. एऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट मारलं तर पहिल्यांदाच नकाराची ओळ दिसली. एका बाजूला कंटेनर_टी आणि सी१०,सी११, दुसऱ्या बाजूला कंटेनर_फाइल_टी आणि सी२०,सी२१. तिचा प्रिंट काढून ऑडिटच्या फाइलला लावलाय.

एक राहिलं. एसएसएचनं येऊन सिम्युलेशन चालवणाऱ्यांचं काय करू? ते अजून अनकन्फाइन्डच आहेत. त्यांना यूजर_यू (एसईलिनक्सचा बांधलेला युजर) मध्ये टाकून सी१०, सी२० वाटून देऊ का?

---

ईडीपीवाला

तो प्रिंट लावलास ते बरं केलंस. ऑडिटरला धोरणाच्या दहा पानांपेक्षा नकाराची एक ओळ पटते.

इंजिनिअरचं तू म्हणतोस तसं करता येतं. पण काम वाढतं. यूजर_यू ला मुळात फक्त एस० मिळालेलं असतं, आधी सेमॅनेज यूजरनं त्याची मर्यादा वाढव, मग सेमॅनेज लॉगिननं प्रत्येक माणसाला त्याची श्रेणी दे. तेवढ्यानं भागत नाही, यूजर_टी पण त्या एमसीएसच्या गटात नसतो. सीआयएल या एसईलिनक्सचे नियम लिहायच्या भाषेत एका ओळीचं मोड्यूल लिहून त्याला गटात घालायचं, सेमोड्यूल -आय नं चढवायचं, आणि सीइन्फो -एक्सटी यूजर_टी नं तपासायचं. त्यानंतरही यूजर_टीला कंटेनर_फाइल_टी वाचायला परवानगी आहे का ते एसईसर्चनं बघ. नसली तर अजून एक मोड्यूल. तोवर सिम्युलेशनवाले तुझ्या टेबलासमोर रांग लावून उभे.

मला विचारशील तर त्यांना शेल कशाला पाहिजे? त्यांना मॉडेल द्यायचंय आणि निकाल घ्यायचाय. सांबाच्या फोल्डरमध्ये 'आत' आणि 'बाहेर' असे दोन फोल्डर कर. सिस्टमडीचं पाथ युनिट 'आत' वर नजर ठेवेल, फाइल पडली की त्याच लेव्हलचा एक कंटेनर उठवून सिम्युलेशन चालवेल, निकाल 'बाहेर' मध्ये. पंपचं काम सी१०,सी११ मध्ये, ट्रॅक्टरचं सी२०,सी२१ मध्ये. मग एसएसएच तुझ्यापुरतंच ठेव. पॉडमन चालवायचा सुडो मात्र इंजिनिअरला देऊ नकोस. रूटचा पॉडमन हातात दिला म्हणजे सगळा सर्व्हरच दिला.

मॉडेल कॉपी होत असतानाच पाथ युनिट सुरू होतं, हा त्यातला एक त्रास. अर्धवट फाइलवर सिम्युलेशन चालू नये म्हणून त्यांना सांग, आधी मॉडेल टाका आणि शेवटी 'तयार' नावाची रिकामी फाइल. युनिटला ती रिकामी फाइलच बघायला लाव.

आणि कॅपिटल :झेड देताना पाथ दोनदा वाच. चुकून भलत्याच फोल्डरवर दिलंस तर त्यातल्या सगळ्याला कंटेनर_फाइल_टी लागेल आणि मग त्याच रिस्टोअरकॉन -आरएफव्हीचं काम पडेल.

---

नाद_लिनक्सचा

काका, ते 'तयार' फाइलवालं झकास. आमच्या प्रिंटिंग प्रेसला पण हॉट फोल्डरमध्ये अर्धवट पीडीएफचा हाच त्रास आहे. उद्या लावतो. सेटएन्फोर्सचं बघू मग.

---

ईडीपीवाला

बघू नको, आजच १ कर. आणि कॉन्फिग फाइलमध्ये पर्मिसिव्ह (नुसती नोंद, अडवणं नाही) लिहून ठेवलं असशील तर तेपण बदल, नाहीतर रीबूटला परत ०. पूर्ण डिसेबल्ड करून ठेवलं असशील तर मात्र थेट एन्फोर्सिंगला उडी मारू नकोस. मधल्या काळात झालेल्या फाइलवर लेबलच नसणार. आधी पर्मिसिव्ह, मग फिक्सफाइल्स -एफ ऑनबूट, रीबूट, ऑडिट लॉग बघ, आणि मग १.